बारा, अठरा आणि आयला

विमानतळावरच्या ड्यूटी-फ्री दुकानातून मराठी घरांत येणारा निरोप साधारण ठरलेला असतो. फडताळाचा एक फोटो आणि खाली प्रश्न: "काका, बारावाली घेऊ की अठरावाली?" पलीकडून उत्तराऐवजी प्रतिप्रश्न येतो, "फरक किती पडतोय?" फरक रुपयांत सांगितला जातो, थोडी शांतता पसरते आणि बारावाली पिशवीत पडते. घरात लग्नकार्य जवळ आले असेल तर अठरावाली. परदेशातून परतणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्क न भरता आणता येते, त्यामुळे लिटरच्या दोन बाटल्यांचा हिशेब बरोबर बसतो. मग ती बाटली शोकेसमध्ये जाते, दिवाळीच्या आगेमागे बाहेर निघते, आणि सोड्याच्या फेसात नि फरसाणाच्या तिखटात तिचे जे व्हायचे ते होते.

यात गैर काही नाही. ज्याची बाटली त्याची हौस. पण सिंगल माल्टच्या लेबलवर दहा-बारा गोष्टी लिहिलेल्या असतात आणि त्यांतली एकच वाचली जाते. ती म्हणजे वय. चवीबद्दल सगळ्यांत कमी सांगणारी माहिती नेमकी तीच. पुढच्या पानांतला मजकूर उरलेल्या गोष्टी वाचता याव्यात म्हणून लिहिलेला आहे, आणि त्याची ही जरा लांबलेली प्रस्तावना.

आधी शब्द. 'सिंगल' म्हणजे एकाच पिंपातली, असा समज बराच पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीत तयार झालेली. त्या डिस्टिलरीच्या शंभर पिंपांतली व्हिस्की एकत्र करून बाटल्या भरल्या तरी ती सिंगलच. एका पिंपातलीच हवी असेल तर लेबलवर 'सिंगल कास्क' शोधावे लागते, आणि त्यासाठी खिसाही तसा लागतो.

'माल्ट' समजायला मराठी स्वयंपाकघर पुरेसे आहे. बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना नाचणी भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, वाळवतात आणि दळतात. मोड येताना दाण्यातली विकरे जागी होतात, पिठूळपणाची साखर होऊ लागते, म्हणून सत्त्वाला ती किंचित गोडसर चव येते. हेच सातूचे, म्हणजे बार्लीचे, केले की माल्ट तयार. पुढे हे माल्ट भरडून गरम पाण्यात कालवतात, गोड पाणी निथळून घेतात, त्यात यीस्ट घालून आंबवतात. दोन-तीन दिवसांत आठ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेली, बिअरच्या चुलतबहिणीसारखी गोष्ट हाती येते. ती तांब्याच्या मोठ्या भांड्यांत दोनदा गाळतात.

दोनदा गाळण्याची रीत गोव्याच्या वाचकाला नवी वाटणार नाही. काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीवर चढवला की पहिल्यांदा हुर्राक उतरतो, आणि तो पुन्हा भट्टीवर गेला की फेणी होते. फरक आहे तो धारेचा. मराठीत 'पहिल्या धारेची' हे कौतुकाचे विशेषण आहे. स्कॉटलंडमधला कारागीर दुसऱ्या वेळी गाळताना पहिली धार बाजूला काढतो, शेवटचीही काढतो, आणि फक्त मधली पिंपात भरतो. ही मधली धार कुठे सुरू करायची आणि कुठे तोडायची, यावर त्या डिस्टिलरीचा निम्मा स्वभाव ठरतो. भांड्याच्या आकाराचाही त्यात वाटा असतो. ग्लेनमॉरंजीची भांडी स्कॉटलंडमध्ये सगळ्यांत उंच, पाच मीटरहून अधिक. त्या उंच मानेतून हलकी वाफ तेवढी वर पोचते आणि व्हिस्की नाजूक उतरते. मॅकॅलनची भांडी बुटकी, तिथली व्हिस्की अंगाने भरलेली आणि तेलकट.

स्कॉटलंडच्या २००९ च्या नियमावलीने या सगळ्याला कुंपण घातले आहे. फक्त मोड आणलेली बार्ली, पाणी आणि यीस्ट; गाळायचे अशा भांड्यांतच; मुरवायचे सातशे लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान तीन वर्षे; बाटलीत मद्यार्क किमान ४० टक्के. वरून घालता येतात त्या दोनच गोष्टी: पाणी आणि रंगासाठी साधे कॅरॅमल. भारतात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त बाटल्यांचा पाया मात्र उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क असतो. युरोपीय संघाच्या नियमांत त्याला व्हिस्की म्हणता येत नाही. मळी म्हणजे काय, हे साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या वाचकाला समजावण्याची गरज नाही. तो वास दर हंगामात त्याच्या खिडकीतून आत येतो.

इतिहास थोडक्यात आवरता येईल, कारण निवडीला लागणारा भाग छोटा आहे. १४९४ साली स्कॉटलंडच्या राजकोषाच्या हिशेबात जॉन कोर नावाच्या भिक्षूला 'ॲक्वा व्हिटे' बनवण्यासाठी आठ बोल माल्ट दिल्याची नोंद आहे. बोल हे तिथले धान्याचे जुने माप. ॲक्वा व्हिटे म्हणजे जीवनाचे पाणी. गेलिक भाषेत त्याचे उश्के बेहा झाले, आणि त्यातला पहिला शब्द इंग्रजांच्या तोंडी घासत घासत व्हिस्की झाला. पुढे शतकानुशतके डोंगरदऱ्यांत चोरून गाळणे चालू राहिले. १८२३ च्या कायद्याने परवाना परवडण्याजोगा झाला, आणि १८२४ मध्ये लिव्हेटच्या दरीत जॉर्ज स्मिथने तो घेतला. चोरून गाळणाऱ्या शेजाऱ्यांना हे इतके झोंबले, की स्मिथला कमरेला दोन पिस्तुले लावून वावरावे लागे.

त्याच्या मालाचे नाव झाल्यावर वेगळीच डोकेदुखी सुरू झाली. आसपासच्या, आणि आसपास नसलेल्याही, डिस्टिलऱ्या आपल्या नावाला 'ग्लेनलिव्हेट' जोडू लागल्या. ही स्कॉटलंडमधली सगळ्यांत लांब दरी, असा विनोद त्यावर झाला. शेवटी १८८४ मध्ये निव्वळ 'द ग्लेनलिव्हेट' म्हणवून घेण्याचा हक्क स्मिथच्या मुलाकडे राहिला. बाटलीवरचा तो 'द' म्हणजे, पुण्याच्या भाषेत, 'आमची कोठेही शाखा नाही'.

तरीही त्या काळात सामान्य गिऱ्हाईक सिंगल माल्ट पीत नव्हते. १८३० मध्ये एनिआस कॉफीने अखंड चालणाऱ्या स्तंभासारख्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यातून इतर धान्यांची हलकी, स्वस्त व्हिस्की भरमसाट निघू लागली. तिच्यात माल्ट मिसळून ब्लेंड तयार झाले आणि जगाने स्कॉच म्हणून ओळखले ते या ब्लेंडला. माल्ट बनवणारे हे ब्लेंडवाल्यांचे पुरवठादार झाले. १९६३ मध्ये ग्लेनफिडिखने आपली सिंगल माल्ट परदेशांत जोमाने विकायला घेतली, तेव्हा धंद्यातल्या अनेकांना तो वेडेपणा वाटला. १९८८ मध्ये एका मोठ्या कंपनीने सहा प्रदेशांच्या सहा बाटल्या 'क्लासिक माल्ट्स' म्हणून एका फळीवर मांडल्या. पुढच्याच वर्षी मायकेल जॅक्सन या इंग्रज लेखकाची मार्गदर्शिका आली, जिच्यात प्रत्येक माल्टला शंभरपैकी गुण होते. नाचणाऱ्या मायकेल जॅक्सनशी याचा संबंध नाही. हा दाढीवाला जॅक्सन बसूनच काम करत असे. म्हणजे दुकानात उभे राहून सिंगल माल्ट निवडण्याचा प्रश्न माणसासमोर उभा राहिला त्याला पुरती सत्तर वर्षेही झालेली नाहीत. काकांनी गोंधळून जावे हे साहजिकच आहे.

त्या सहा बाटल्यांनी एक सवय मात्र लावली: प्रदेशावरून चव ओळखायची. कायद्याने पाच नावे राखीव आहेत. हायलंड, लोलंड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन, आणि पश्चिम किनाऱ्यालगतचे एक बेट, ज्याचे स्पेलिंग पाहून भारतात बहुतेक जण 'इस्ले' म्हणतात. त्याचा खरा उच्चार 'आयला'. मराठी माणसाला हा उच्चार एकदा सांगितला की तो जन्मात विसरत नाही. शिवाय लाफ्रॉइगचा पहिला घोट घेतल्यावर हाच शब्द, भूगोल माहीत नसतानाही, आपसूक तोंडून निघतो.

याला कारण पीट. आयलावर झाडे फार नाहीत. दलदलीत हजारो वर्षे कुजलेल्या शेवाळाचा नि झुडपांचा थर विटांसारखा कापून, वाळवून जळणासाठी वापरायची तिथली जुनी पद्धत. ओले माल्ट या धुरावर वाळवले की धुरातली फिनॉल नावाची संयुगे दाण्यात शिरतात आणि गाळल्यावरही मागे राहतात. त्यांचे प्रमाण दहा लाखांत किती भाग, असे मोजतात. लाफ्रॉइगच्या माल्टमध्ये ते चाळिसाच्या थोडे वर असते, आर्डबेगच्या पंचावन्नच्या आसपास, आणि ब्रुकलॅडी डिस्टिलरीच्या ऑक्टोमोरमध्ये शंभराच्या पार. हे आकडे माल्टचे असतात. बाटलीत पोचेपर्यंत त्यातले पुष्कळसे गळून गेलेले असते, म्हणून आकड्यांवरून घाबरण्याचे किंवा फुशारकी मारण्याचे कारण नाही. वासाबद्दल मात्र आधी सावध केलेले बरे. पावसाळ्यात ओल्या लाकडांवर पेटवलेली चूल, किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील, आणि जखमेवर बांधलेली आयोडीनची पट्टी, या तिन्हींचे मिश्रण डोळ्यांसमोर आणावे. अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळात लाफ्रॉइग औषध म्हणून तिकडे जात असे. हुंगून पाहिल्यावर त्यात कोणाला संशय आला नसावा.

काहींना हा वास पहिल्या भेटीतच वेड लावतो, काहींना कधीच रुचत नाही. दोघेही बरोबर. पण पहिलीच सिंगल माल्ट म्हणून कोणाच्या हाती धुराची बाटली देणे हा त्या माणसावर अन्याय आहे, आणि असा अन्याय दर वर्षी कितीतरी भाचे आपल्या मामांवर करतात.

प्रदेशावरून चव ओळखण्याची सवय इथेच दगा देते. आयलाचीच बुनाहाव्हन घेतली तर तिच्या नेहमीच्या बाटलीत धूर जवळजवळ नसतो. ब्रुकलॅडीची आपल्या नावाची व्हिस्कीही बिनधुराची. उलट स्पेसाइडच्या गोडसर, फळाळ मुलखात बेनरियाख धुराच्या बाटल्याही काढते. कॅम्पबेलटाउन तर आता प्रदेश म्हणावा की आठवण, असा प्रश्न पडतो. एकेकाळी या छोट्या बंदरगावात वीसहून अधिक डिस्टिलऱ्या होत्या. पुढे कितीतरी वर्षे मोजायला तीनच उरल्या होत्या, स्प्रिंगबँक, ग्लेन स्कोशिया आणि ग्लेनगाइल. याच गावात १९२० मध्ये मासाताका ताकेत्सुरू नावाचा जपानी तरुण हेझलबर्न डिस्टिलरीत काम शिकत होता. गावातली धुराडी एकेक करून विझली, आणि त्याच्या वह्यांतून जपानची व्हिस्की उभी राहिली: १९२३ मध्ये सुरू झालेल्या यामाझाकीच्या उभारणीत तो होता, १९३४ मध्ये त्याने होक्काइडो बेटावर योइचीला स्वतःची डिस्टिलरी काढली. कॅम्पबेलटाउनचे कसब कॅम्पबेलटाउनमध्ये शोधणाऱ्याने होक्काइडोतही डोकावावे, असा याचा अर्थ.

खरी गोष्ट आहे ती पिंपाची. तांब्याच्या भांड्यातून उतरलेली व्हिस्की पाण्यासारखी रंगहीन असते; बाटलीतली साठ-सत्तर टक्के चव लाकडातून येते, असे या धंद्यात सर्रास बोलले जाते. नेमका आकडा कोणी सिद्ध करू शकणार नाही, पण त्याचा रोख बरोबर आहे. आणि पिंपाची निवड झाली ती चवीच्या चोखंदळपणापेक्षा दुसऱ्यांच्या कायद्यांमुळे नि व्यापारामुळे. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे बोर्बन नव्याकोऱ्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेल्या पिंपाचा बोर्बनवाल्याला मग उपयोग नाही. ती लाखो पिंपे स्कॉटलंडने स्वस्तात उचलली. दुसरीकडे स्पेनची शेरी ही वाइन पूर्वी पिंपांतूनच ब्रिटनला येई; रिकामे पिंप परत पाठवण्यापेक्षा त्यात व्हिस्की भरणे सोयीचे होते. आता शेरी बाटलीबंद होऊनच स्पेनबाहेर पडते. म्हणून व्हिस्कीवाले नवी पिंपे करवून घेतात, त्यांत वर्ष-दोन वर्षे शेरी भरून ठेवायला लावतात आणि मग ती पिंपे आणतात. या खटाटोपाचा खर्च बाटलीच्या किमतीत दिसतो.

ग्राहकाने दुकानात विचारायचा पहिला प्रश्न म्हणून हाच धरावा: पिंप कोणते? बोर्बनच्या पिंपातून व्हॅनिला, मध, ओल्या खोबऱ्याची झाक आणि पिकल्या केळ्याचा वास येतो. खोबऱ्याच्या भासामागे ओकमधले लॅक्टोन असते, व्हॅनिलामागे लाकडातल्या लिग्निनपासून सुटलेले व्हॅनिलिन. केळे मात्र लाकडातले नाही, ते आंबवताना यीस्टने केलेले असते. शेरीच्या पिंपातून काळ्या मनुका, खजूर, सुके अंजीर, दालचिनी आणि शेवटी अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा. ज्याला श्रीखंड-आंबा आवडतो त्याने बोर्बनच्या पिंपाकडे आणि ज्याचा हात आधी सुक्या मेव्याच्या डब्यात जातो त्याने शेरीच्या पिंपाकडे वळावे. हा शास्त्रीय नियम नव्हे, पण ड्यूटी-फ्रीच्या विक्रेत्याच्या सल्ल्यापेक्षा जास्त वेळा बरोबर निघतो. दोन्हींची चव एकाच बाटलीत पाहायची असेल तर बालवेनीची बारा वर्षांची डबलवुड आहे. ती आधी बोर्बनच्या पिंपात मुरते आणि शेवटचे काही महिने शेरीच्या पिंपात काढते.

रंगावरून मात्र काही ठरवू नये. गडद तपकिरी म्हणजे जुनी आणि भारी, हा समज कॅरॅमलने केव्हाच निकालात काढला आहे. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या बाटलीवर रंग घातल्याचे छापावे लागते. फ्रँकफर्टमार्गे येणाऱ्याने मागचे लेबल एकदा वाचून पाहावे, जुनी ओळखीची नावे तिथे भेटतात. ज्यांनी रंग घातलेला नाही ते तसे अभिमानाने पुढच्याच बाजूला लिहितात. त्याच ठिकाणी 'चिल-फिल्टर केलेली नाही' असेही दिसेल. व्हिस्की थंड करून गाळली की तिच्यातले तेलकट घटक निघून जातात, बर्फ टाकल्यावर ती गढूळ होत नाही, आणि थोडा भरीवपणाही जातो. मद्यार्क ४६ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बाटलीत गढूळपणाची भीती राहत नाही. म्हणून बाटलीवर ४६ दिसले की बनवणाऱ्याने चवीकडे लक्ष दिले असण्याची शक्यता वाढते. बारा आणि अठराच्या झगड्यात हा ४६ कोणी पाहतच नाही.

आता ते वय. बाटलीवर १२ लिहिले असेल तर आतली सगळ्यांत तरुण व्हिस्की बारा वर्षे पिंपात होती, एवढेच कायदा सांगतो. बाटलीत गेल्यावर वय थांबते. १९९५ मध्ये घेऊन कपाटात ठेवलेली बारा वर्षांची बाटली आजही बारा वर्षांचीच आहे. आणि जास्त वर्षे म्हणजे जास्त चांगली, हे सरळ गणित नाही. चहा उकळत ठेवला तर एका टप्प्यापर्यंत रंगतो, पुढे कडवट होतो. पिंपाचेही तसेच: लाकूड बोलू लागले की धान्य गप्प होते. दीर्घायुषी बाटल्यांच्या किमती दुर्मिळतेच्या असतात. १९२६ मध्ये गाळलेली, साठ वर्षे मुरलेली मॅकॅलन २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या लिलावात २१ लाख ८७ हजार ५०० पौंडांना गेली. त्या पिंपातून मिळून चाळीस बाटल्या निघाल्या होत्या. ती उघडून कोणी सोडा मागवेल, असे वाटत नाही.

वयाचा भ्रम पुरता मोडला तो बंगळूरमध्ये, आणि ज्या घराण्याने मोडला त्याचे आडनाव जगदाळे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अमृत डिस्टिलरीजने भारतीय बार्लीची सिंगल माल्ट २००४ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा बाजारात आणली, तीही थेट ग्लासगोत. मिठाईवाल्याने पहिले दुकान आग्र्यात पेठेवाल्यांच्या गल्लीत थाटावे तसे. उश्के बेहाच्या देशात जीवनजल विकायला गेलेल्या कंपनीचे नाव अमृत, हा योगही मजेचाच. सुरुवातीची वर्षे खडतर गेली. पुढे भारतीय बार्ली आणि धुरावर वाळवलेली स्कॉटिश बार्ली एकत्र आणणाऱ्या 'फ्यूजन'ला जिम मरे या समीक्षकाने २०१० च्या आपल्या मार्गदर्शिकेत जगात तिसरा क्रमांक दिला, आणि वयाचा आकडा न लिहिलेली ही भारतीय बाटली लोक मुद्दाम शोधू लागले.

आकडा का लिहिलेला नाही, याचे उत्तर हवामानात आहे. पिंप श्वास घेते आणि त्या श्वासाबरोबर थोडी व्हिस्की हवेत जाते. स्कॉटलंडमध्ये ही घट वर्षाला साधारण दोन टक्के. तिथले लोक तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. खळ्यावरून बलुते जावे, तसे ते बिनतक्रार सोडून देतात. बंगळूरच्या उन्हात हा वाटा दहा-बारा टक्क्यांवर जातो. दहाच धरले तरी बारा वर्षांनी पिंपात जेमतेम २८ टक्के माल उरेल. स्कॉटलंडमध्ये तेवढ्याच काळात ७८ टक्के उरतो. पण त्याच उष्णतेमुळे व्हिस्की आणि लाकूड यांची देवाणघेवाणही झपाट्याने होते. चार-पाच वर्षांत पिंप आपले बहुतेक सगळे देऊन मोकळे होते. अमृतने आठ वर्षांची एक बाटली काढली तेव्हा तिचे नाव 'ग्रीडी एंजल्स' ठेवले, हावरे देवदूत. तैवानच्या कावालानचीही हीच कथा. तीही उष्ण हवेतली, कोवळ्या वयाची. २०१० च्या जानेवारीत स्कॉटलंडमधल्या लीथला झालेल्या, लेबल झाकून घेतलेल्या चाचणीत तिने स्कॉच बाटल्यांना मागे टाकले.

गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे. २०१२ पासून तिच्या सिंगल माल्ट बाजारात आहेत, आणि भारतीय सहा-ओळी बार्लीमुळे त्यांना एक जाडसर, धान्याचा गोडवा येतो. ब्रिलियन्स बिनधुराची, एडिटेड किंचित धुराची, बोल्ड चांगलीच धुराची. तिन्ही ४६ टक्क्यांच्या. धूर आपल्याला मानवतो की नाही, हे एकाच घरातल्या तीन बहिणींकडून शिकायचे असेल तर यापेक्षा सोयीची जागा नाही. हरियाणातल्या इंद्री गावाच्या नावाची 'त्रिनी' बोर्बन, फ्रेंच वाइन आणि शेरी अशा तीन पिंपांतून येते. राजस्थानच्या 'गोडावण'चे नाव मराठी पक्षिमित्रांना चटका लावेल, कारण गोडावण म्हणजे आपला माळढोक. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर त्याला पाहायला लोक जात, तोच. महाराष्ट्रही यातून सुटलेला नाही. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात दिंडोरीला 'लाँजिट्यूड ७७' ही सिंगल माल्ट तयार होते. या सगळ्या भारतीय बाटल्यांचे एक कौतुक निःशंकपणे करता येते: स्कॉटलंडची नक्कल करण्याची धडपड त्यांनी बऱ्याच अंशी सोडली आहे. एक तक्रारही आहे. खोका आणि झाकण यांवर इतका खर्च दिसतो, की काही वेळा व्हिस्कीपेक्षा पुठ्ठा जास्त मुरलेला वाटतो.

किमतीचे गणित सध्या हलते आहे. आयात स्कॉचवर भारताचा सीमाशुल्काचा दर दीर्घकाळ १५० टक्के होता. २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात तो आधी ७५ आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. राज्यांचे कर त्यावर वेगळे. महाराष्ट्राने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आयात स्कॉचवरचे उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणले होते. शिवाय राज्यात मद्य पिण्याचा परवाना लागतो, आणि व्हिस्कीसारख्या कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. वयाचा आकडा खरोखर महत्त्वाचा ठरतो तो इथे, बाटलीपेक्षा ग्राहकाच्या बाबतीत.

नवशिक्याला वाट हवीच असेल, तर ती अशी घालून देता येईल. सुरुवात ग्लेनफिडिख किंवा ग्लेनलिव्हेटच्या बारा वर्षांच्या बाटलीपासून करावी. दोन्हींना जाणकार नाके मुरडतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये, पेअर आणि सफरचंदाचा तो स्वच्छ गोडवा कान तयार करणाऱ्या पहिल्या पलट्यांसारखा आहे. मग बालवेनी. त्यानंतर स्काय बेटावरची दहा वर्षांची टॅलिस्कर, ४५.८ टक्क्यांची, मीठ आणि काळ्या मिऱ्याच्या चवीची, धुराची पहिली झुळूक देणारी. ती आवडली तरच आयलाची बोट पकडावी: सोळा वर्षांची लॅगाव्हुलिन संथ आणि दळदार, दहा वर्षांची आर्डबेग धारदार. पूर्ण बाटली घेण्याआधी बारमध्ये ३० मिलीचा एक पेग मागवणे केव्हाही शहाणपणाचे, आणि चार मित्रांनी चार वेगळ्या बाटल्या घेऊन एकत्र बसणे त्याहून.

पिण्याबद्दल कडक सोवळे पाळायचे कारण नाही, पण थोडी समज हवी. मध्ये फुगीर आणि तोंडाशी निमुळता ग्लास वास धरून ठेवतो. २००१ पासून मिळणारा ग्लेनकेर्न नावाचा ग्लास त्यासाठीच घडवलेला आहे. तो नसेल तर वाइनचा छोटा ग्लास चालतो, स्टीलचा पेला नको. पाणी घालावे, चमच्याने, थेंबाथेंबाने. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन शास्त्रज्ञांनी संगणकावर रेणूंची मांडणी करून दाखवले, की पाणी घातल्यावर ग्वायकॉल हे धुराच्या वासाचे संयुग पेयाच्या पृष्ठभागाकडे येते. 'पाण्याने चव खुलते' या म्हाताऱ्या स्कॉट लोकांच्या म्हणण्याला त्यातून आधार मिळाला. बर्फाने जीभ बधिर होते आणि वास मिटून जातो. तरीही मे महिन्यात नागपुरात बसलेल्या माणसाला बर्फ नको म्हणणे क्रूरपणाचे आहे. चकण्यात लसूण-शेव, मसाला पापड आणि चिली चिकन यांना एक दिवस सुट्टी द्यावी. खारे काजू, भाजलेले बदाम, फार तर चीजचा तुकडा. बाटली वाइनसारखी आडवी ठेवू नये, तीव्र मद्यार्काने बूच झिजते. अर्ध्याखाली आलेली बाटली वर्षानुवर्षे जपू नये. आतल्या हवेने तिची चव हळूहळू बसत जाते.

आणि ग्लास लगेच धुवू नये. तळाशी राहिलेला थेंब रात्रभर वाळू द्यावा आणि सकाळी हुंगावा. मद्यार्काची झिणझिणी उडून गेलेली असते, उरते ती माल्टची आणि लाकडाची पुंजी. शेरीच्या पिंपातलीला मनुकांचा वास येतो, बोर्बनच्या पिंपातलीला व्हॅनिलाचा, आणि आयलावरून आलेलीला विझलेल्या चुलीचा. हे ग्लास रात्री सिंकमध्ये का ठेवले नाहीत, एवढे मात्र घरच्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.